उजेडाची मात्रा

गेल्या पावसाळ्यात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या डाव्या हाताच्या शिरेत एक पिवळेजर्द औषध टोचण्यात आले. मधुमेहाशी माझा संसार चौदा वर्षांचा. हा पाहुणा डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाऊन पोहोचला आहे का, ते बघायचे होते. "काका, हनुवटी इथं टेकवा आणि पापणी मिटू नका हं," यंत्रामागची मुलगी म्हणाली. "आज लघवी केशरी होईल, अंगही थोडं पिवळं दिसेल. कावीळ झाली म्हणून घरी गोंधळ घालू नका." एवढे बजावून तिने खोलीतला दिवा घालवला. पाठोपाठ निळ्या प्रकाशाचे झोत डोळ्यात लखलखू लागले.

हे सगळे घाईघाईने करावे लागते, कारण हातात टोचलेले औषध दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यात उतरते आणि रक्ताबरोबर पुढे धावू लागते. त्या धावपळीतच छायाचित्रे घ्यायची. नंतर डॉक्टरांनी ती मला पडद्यावर दाखवली. काळ्या पाटीवर पांढऱ्या खडूने वडाच्या फांद्या काढाव्यात, तशा माझ्या रक्तवाहिन्या दिसत होत्या. एका फांदीपाशी मात्र पांढरा डाग पडला होता आणि पुढच्या प्रत्येक चित्रात तो थोडाथोडा पसरत होता. "इथं गळतंय," डॉक्टर म्हणाले. नळाच्या जोडातून पाणी झिरपावे तसे माझ्या डोळ्यात रक्तातले पाणी झिरपत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दोन आठवड्यांनी ती गळती बंद करण्यासाठी लेसर मारला. हिरवे ठिपके, एकामागून एक. प्रत्येक ठिपका म्हणजे उदबत्तीच्या टोकाचा चटका म्हणा ना. बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना विचारले, "त्या दिवशी दाखवला तोही उजेडच आणि आज भाजलंत तोही उजेडच?" डॉक्टर हसले. "उजेडच हो. मात्रा वेगळी."

मात्रा हा शब्द ऐकला आणि मला आमची आजी आठवली. घरात तान्हे मूल असले की सकाळी सहाण घेऊन ती बाळगुटी उगाळायला बसे. वेखंडाचे इतके वेढे, मुरडशेंगेचे इतके, हळकुंडाचे इतके. जायफळाशी आली की मात्र तिचा हात आखडे. "जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर पोर उठायचं नाही दुपारपर्यंत," असे ती म्हणे. औषध आणि विष यांच्यामध्ये भिंत नसते, फक्त मात्रा असते, हे तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

उजेडालाही मात्रा असते. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशी जिवंतपणीच बघण्याची जी विद्या उभी राहिली आहे, तिचा सगळा इतिहास या एका वाक्यात सांगता येतो. माझी पुतणी माशांच्या गर्भावर संशोधन करते. डोळ्याला पट्टी बांधून घरी बसलो असताना तिने मला हा इतिहास तुकड्यातुकड्याने सांगितला. पुढे मी तो वाचून पडताळलाही. तो आपल्या घरातल्या माणसांनाही ठाऊक असावा, म्हणून आज हा प्रपंच.

सुरुवात त्या पिवळ्या औषधापासूनच करू. काही पदार्थांचा स्वभाव असा की त्यांच्यावर एका रंगाचा प्रकाश पडला तर ते दुसऱ्याच रंगाचा परत करतात. निळा दिला की हिरवा. शंभराची नोट मोडायला द्यावी आणि दुकानदाराने आपला कट कापून नव्वदच हातावर ठेवावेत, तसा हा व्यवहार. परत येणाऱ्या प्रकाशात ऊर्जा थोडी कमीच असते. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणावर सूर्यप्रकाशातले न दिसणारे अतिनील किरण पाडले, तेव्हा ते निळे चमकले. या चमकण्याला त्यांनी फ्लुओरेसन्स असे नाव दिले. मराठीत आपण त्याला अनुस्फुरण म्हणतो.

याचा उपयोग काय? तर अंधार. निळा प्रकाश टाकायचा आणि डोळ्यापुढे असा गाळणारा काचतुकडा धरायचा की निळा अडेल, फक्त हिरवा येईल. मग ज्या गोष्टीला रंग लावला आहे तेवढीच दिसते, बाकी सगळी अमावास्या. दिवाळीची पणती दुपारी अंगणात ठेवली तर कोणाचे लक्ष जाणार नाही, रात्री मात्र ती गल्लीच्या टोकावरून दिसते. माझ्या डोळ्यातली गळती दिसली ती अशीच. ही तपासणी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या हॅरल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड आल्विस या वैद्यकाच्या दोन विद्यार्थ्यांनी शोधली. १९६१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पहिला प्रयोग त्यांनी आपल्यातल्याच एकावर केला होता.

पण रक्तात रंग सोडणे वेगळे आणि जिवंत पेशीच्या आत नेमक्या एका प्रथिनाला पणती लावणे वेगळे. ती पणती आली समुद्रातून. जपानचे ओसामु शिमोमुरा १९४५ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीपासून काही मैलांवरच्या एका कारखान्यात काम करीत होते. ९ ऑगस्टला बॉम्बच्या लखलखाटाने त्यांचे डोळे काही काळ दिपून गेले, दिसेनासे झाले. हेच शिमोमुरा १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बर येथे जेलीफिश गोळा करीत होते. हे जेलीफिश हात लावला की कडेने मंद हिरवे चमकतात. हजारो जेलीफिश पकडायचे, त्यांची चमकणारी कड कात्रीने कापायची आणि तिचा रस काढायचा, असा उद्योग. एकदा कंटाळून टाकाऊ रस मोरीत ओतला, तर समुद्राच्या पाण्याशी गाठ पडताच तो निळा चमकला. पाण्यातल्या कॅल्शियमची ती करामत होती. त्याच रसात १९६२ मध्ये त्यांना आणखी एक प्रथिन सापडले. निळा प्रकाश पडला की ते हिरवे चमके. माणसाने केलेला सर्वांत भयंकर उजेड ज्यांनी पाहिला, त्यांच्याच हाताला जीवशास्त्रातली सर्वांत सौम्य पणती लागावी, हा योगायोग मला विसरता येत नाही.

पुढे डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्या प्रथिनाचे जनुक वेगळे काढले. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते एका चिमुकल्या कृमीत घातले, आणि कृमीच्या चेतापेशी जिवंतपणी हिरव्या उजळल्या. रॉजर त्सिएन यांनी त्या हिरव्याचे निळे, पिवळे असे भाऊबंद तयार केले. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आता कोणत्याही प्रथिनाच्या शेपटीला ही पणती बांधावी आणि ते पेशीत कुठे जाते, कधी जाते, ते बघावे.

येथे खरी अडचण सुरू होते. पणती पेटवायला वरून प्रकाश टाकावा लागतो आणि तो प्रकाश फुकट मिळत नाही. एक तर रंग विटतो. भरजरी लुगडे रोज उन्हात वाळत घातले तर काय होते, ते आपल्या घरच्या बायकांना सांगायला नको. दुसरे म्हणजे पेशी मरते. तीव्र प्रकाशात चमकणाऱ्या रेणूंजवळचा प्राणवायू आक्रमक रूप घेतो आणि पेशीचे नाजूक भाग जाळू लागतो. विभाजन होत असलेली पेशी मध्येच थबकते. म्हणजे जिवंतपण बघायला जावे आणि आपण बघतो ते मरणच, अशी गत. वाईट गोष्ट ही की चित्र तरीही सुंदर येते. बघणाऱ्याला कळतही नाही की आपण खोटे काहीतरी बघतो आहोत.

त्यातून पेशी काही एका जागी पोझ देऊन बसत नाही. माशाच्या पिल्लाचे हृदय सेकंदाला दोन-तीनदा धडधडते. चेतापेशीतला संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात उमटून जातो. धावत्या एसटीचा फोटो सावकाश काढला तर पाटीवरचे गाव वाचता येत नाही, तसेच हे. म्हणजे वेग हवा. वेग वाढवायचा तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला वेळ कमी येतो. कमी वेळात तेवढेच दिसायला हवे तर प्रकाश जास्त. आणि प्रकाश जास्त म्हणजे पेशीच्या जिवावर. वेग, बारकावा, खोली आणि पेशीचे आयुष्य, अशी चार तोंडे आणि पगार एकच. एकाला पोटभर वाढले की दुसरे उपाशी राहते. संसारी माणसाला हे गणित कळायला वेळ लागू नये.

सुरुवातीच्या युक्त्यांतली एक मार्व्हिन मिन्स्की यांची. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक जनक म्हणून हे गृहस्थ प्रसिद्ध झाले, पण तरुणपणी त्यांना मेंदूतल्या पेशींची गुंतागुंत बघायची होती. साध्या सूक्ष्मदर्शकातून जाड तुकडा बघितला की वरच्या-खालच्या सगळ्या थरांचा उजेड एकात एक मिसळतो. पारदर्शक कागदावर छापलेले पुस्तक न उघडता वाचायला घ्यावे तसा प्रकार. मिन्स्की यांनी १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो अशा रचनेसाठी, की जी एका वेळी एकच ठिपका उजळील आणि एका बारीक छिद्रातून नेमका त्याच ठिपक्याचा प्रकाश आत घेईल. ती व्यवहारात रुळायला १९८० चे दशक उजाडले, कारण तोवर लेसर आणि संगणक हाताशी आले. लेसरचा प्रकाश एकरंगी, आणि सुईच्या टोकाहून बारीक ठिपक्यावर गोळा करता येणारा. याला कन्फोकल सूक्ष्मदर्शक म्हणतात.

चित्रे अप्रतिम येऊ लागली. पण रांगोळीचे लाखो ठिपके एकेक करून मांडायचे म्हणजे वेळ लागणारच. शिवाय यात एक उधळपट्टी होती. लेसरचा किरण वरून खाली सगळ्या थरांतून आरपार जातो आणि आपण मात्र एकाच थराचा उजेड ठेवून बाकीचा फेकून देतो. पंगतीत एकालाच वाढायचे, पण आमटी शंभर पानांवर ओतायची, असे हे झाले. ज्या थराकडे बघायचेही नाही, तो विनाकारण होरपळतो.

यावर निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे उपाय काढले. कुणी हजारो छिद्रांची चकती गरागरा फिरवून एकाच वेळी अनेक ठिपके उजळले. कॉर्नेल विद्यापीठात विन्फ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी १९९० मध्ये कमी ऊर्जेच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लेसरचे दोन कण एकाच क्षणी एका रेणूवर आदळतील अशी व्यवस्था केली. असे आदळणे जिथे किरण सर्वांत दाट असतो तिथेच घडते, बाकीचे थर सुखरूप राहतात. वेब यांच्याबरोबर काम केलेले सुदीप्त मैती पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी या जातीच्या सूक्ष्मदर्शकांवर काम केले.

पण मला सर्वांत आवडलेला उपाय आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी पाहिला आहे. कौलारू घरात दुपारी कौलांच्या फटीतून कवडसा येतो. आपण अंधारात बाजूला बसून त्याच्याकडे बघतो आणि त्या पट्ट्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. कवडशाच्या बाहेरही धूळ असतेच, पण तिच्यावर उजेड नाही, म्हणून ती दिसत नाही. बस, एवढेच. लेसरचा प्रकाश कागदाइतका पातळ करून बाजूने आत सोडायचा आणि काटकोनात कॅमेरा ठेवून बघायचे. ज्या थराकडे बघायचे तेवढाच थर उजळतो. एकेक ठिपका वेचायची गरज नाही, सगळा थर एका झटक्यात टिपता येतो. म्हणजे वेग वाढला आणि मात्रा उतरली. कल्पना जुनीच. सीडेनटोफ आणि झिग्मोंडी यांनी जर्मनीत येना येथे १९०३ मध्ये काचेतले सोन्याचे कण बघायला तिचा उपयोग केला होता. जिवंत गर्भ बघण्यासाठी ती २००४ मध्ये हायडेलबर्गला यान हुइस्केन, अर्न्स्ट श्टेल्त्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा वर काढली. शंभर वर्षे कवडसा तिथेच होता, त्याच्याकडे बघायला कुणी बसले नव्हते.

या यंत्रापुढे जो मासा बसवला तोही मूळचा आपलाच. अंगावर निळे पट्टे असलेला बोटाच्या पेराएवढा झेब्रा मासा गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांतला, भातखाचरांतला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो. २००८ मध्ये हायडेलबर्गच्याच मंडळींनी त्या गर्भाच्या पहिल्या चोवीस तासांतल्या पेशींच्या हालचालींचा नकाशा काढला. आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जानेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स आणि फिलिप केलर यांनी त्याच्या पिल्लाचा जवळजवळ सगळा मेंदू काम करताना टिपला. सुमारे एक लाख चेतापेशी, त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक, दर १.३ सेकंदाला एकदा. चेतापेशी जागी झाली की तिच्यात कॅल्शियम शिरते. जेलीफिशच्या त्याच हिरव्या प्रथिनापासून बनवलेला आणि कॅल्शियम आले की उजळणारा रेणू या पिल्लांत घातला होता.

पुतणीने ती फिल्म मला संगणकावर दाखवली. काळ्या पडद्यावर मेंदूची आकृती आणि तिच्यात इकडून तिकडे लुकलुकणारे ठिपके. काजव्यांनी भरलेले झाड जूनच्या सुरुवातीला बघावे तसे. पिल्लू जिवंत होते. माझ्या तोंडून शब्द निघेना.

आता कुणी म्हणेल, माशाच्या पिल्लाच्या मेंदूतले काजवे बघून आपल्या पोटाला काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला मोठमोठी आश्वासने देऊन उत्तर देणे मला पसंत नाही. उद्या यातून वेडेपणावर औषध निघेल, कर्करोग बरा होईल, असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणेन, की क्विनीनच्या बाटलीत निळी चमक बघणाऱ्या स्टोक्सना माझ्या डोळ्याची काळजी नव्हती. पण १८५२ मधल्या त्या कुतूहलाशिवाय माझी गळती सापडली नसती. वेळेवर सापडली म्हणून हा लेख मी स्वतः वाचून तपासतो आहे.

मात्र कुतूहल जपायचे तर ज्यांना ते आहे त्यांना जपावे लागते, आणि येथे मला तक्रार करायची आहे. ज्यांनी जेलीफिशचे जनुक वेगळे केले आणि उदारपणे दुसऱ्यांच्या हाती दिले, ते डग्लस प्रॅशर अनुदान संपल्यामुळे संशोधनातून बाहेर पडले होते. २००८ मध्ये नोबेल जाहीर झाले तेव्हा ते अमेरिकेत हन्ट्सव्हिल येथे मोटारींच्या एका दुकानाची गाडी चालवीत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांचे ऋण मोकळेपणाने मानले, त्यांना स्टॉकहोमला बोलावले, पुढे त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काही काळ काम मिळाले, ही माणुसकीची गोष्ट. एरिक बेट्झिग यांनीही एकदा वैतागून संशोधन सोडले होते. वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी काम केले आणि परत येऊन मित्राच्या दिवाणखान्यात नवा सूक्ष्मदर्शक जुळवला. २०१४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच महिन्यात त्यांनी प्रकाशाच्या पातळ पट्ट्याचे आणखी सौम्य आणि वेगवान रूपही प्रसिद्ध केले. हे परत आले. किती जण परतले नसतील?

आपल्याकडे तर यंत्रावर आपले प्रेम आणि माणसाकडे पाठ. पुतणी एका संस्थेची हकीगत सांगते. कोट्यवधींचा सूक्ष्मदर्शक आला, नारळ फुटला, फोटो निघाले. मग लेसरचा एक लहानसा भाग बिघडला, आणि तो मागवायच्या कागदावर सही व्हायला आठ महिने गेले. यंत्र सांभाळणारा मुलगा कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी त्याची धाकधूक. तो सोडून गेला आणि त्याच्याबरोबर यंत्राची सगळी खोड माहीत असलेला एकमेव माणूस गेला. भपका भरपूर, पण कवडशाकडे बघायला बसलेले कुणी नाही.

मला वाटते, दोन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. महागडे यंत्र एका संस्थेची मिरवायची वस्तू न राहता आजूबाजूच्या महाविद्यालयांना वेळ लावून वापरायला मिळावे आणि त्याच्याजवळ कायम नोकरीचा एक जाणता माणूस असावा. असा सूक्ष्मदर्शक घरी जुळवण्याचे सगळे आराखडे २०१३ पासून ओपनस्पिम या नावाने जगाला खुले आहेत. आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. दुसरी गोष्ट शाळेची. मूळचे मीरतचे आणि आता स्टॅनफर्डला असलेले मनू प्रकाश यांनी २०१४ मध्ये घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक दाखवला. त्याच्या सामानाचा खर्च एका डॉलरहून कमी. लेसर नको, निदान एवढे तरी प्रत्येक वर्गात असावे.

माझ्या शाळेतही सूक्ष्मदर्शक होता. एकच. निळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला आणि किल्ली मोठ्या कारकुनांच्या जानव्याला. नववीत एकदा तो बाहेर आला. साठ मुलांची रांग, प्रत्येकाला दहा सेकंद. मला कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींच्या विटा दिसल्या न दिसल्या तोच मागच्याने ढकलले. ते दहा सेकंद पन्नास वर्षे पुरले.

पुढच्या महिन्यात डोळ्याची पुन्हा तपासणी आहे. डॉक्टर म्हणाले, गळती थांबलेली दिसते, एकदा खात्री करू. त्याच आठवड्यात शाळेने माजी विद्यार्थ्यांना बोलावले आहे. सत्कार, अल्पोपाहार वगैरे होईलच. मी जाणार आहे. आणि व्यासपीठावर बसण्याआधी कपाटाची किल्ली आता कुणाकडे असते, तेवढे विचारणार आहे.